हेडलाइट लख्ख, हॉर्न मात्र घोगरा

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची, शंभर सीसीची, किकने सुरू होणारी मोटारसायकल आहे. हरिपूरहून सांगलीला रोजची ये-जा तिच्यावरच होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती दोन दिवस पाण्याखाली होती. नंतर इंजिन खोलून दुरुस्त करून घेतले. गेल्या वर्षभरात मात्र दोन बॅटऱ्या वाया गेल्या. हॉर्न घोगरा होतो आणि इंडिकेटर पेटले तरी लुकलुकत नाहीत. गाडी मात्र एका किकेत सुरू होते आणि हेडलाइटही लख्ख आहे. मिस्त्री म्हणतात, "हेडलाइट आहे म्हणजे चार्जिंग आहे, बॅटरीच खराब निघाली." आता तिसरी बॅटरी घ्यावी, की बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा रेग्युलेटर बदलावा?
— एक वाचक, हरिपूर

उत्तर : तूर्त दोन्ही घेऊ नयेत. आपल्या गाडीत काय चालते आणि काय चालत नाही, हे आपण इतके नेमके लिहिले आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे.

मिस्त्रींचे म्हणणे आजच्या गाड्यांना बऱ्याच अंशी लागू पडेल, परंतु त्या काळच्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांमध्ये हेडलाइटचा बॅटरीशी संबंधच नसतो. मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून येणारा एसी प्रवाह थेट हेडलाइटला जातो, आणि म्हणूनच रेस वाढवली की प्रकाश वाढतो व गाडी सिग्नलला थांबली की तो मंदावतो. ठिणगीसाठी सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) लागणारी वीजही मॅग्नेटोतील वेगळ्या कॉइलकडून येते. त्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी अशी गाडी किकेत सुरू होते. बॅटरीवर चालतात ते हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट, आणि आपल्याकडे तक्रार नेमकी त्यांचीच आहे. हेडलाइट लख्ख असल्यावरून मॅग्नेटो वीज तयार करतो एवढेच सिद्ध होते. ती बॅटरीपर्यंत पोहोचते की नाही, हे त्यावरून कळत नाही. हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडत असते, तर मी रेग्युलेटरच्या अर्थिंगवर पहिला संशय घेतला असता. तसे आपण लिहिलेले नाही.

एक साधा मल्टीमीटर घ्यावा. सध्याची बॅटरी गाडीतून काढून बाहेरच्या चार्जरवर संथपणे भरावी. अडीच अँपिअर-अवरच्या बॅटरीला पाव अँपिअर प्रवाह पुरेसा असतो. भरल्यानंतर ती काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर ठीक. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा १२.४ च्या खाली घसरत असेल तर ती बॅटरी गेली असे समजावे आणि पुढच्या तपासणीपुरती दुसरी चांगली बॅटरी कोणाकडून तरी मागून आणावी. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेले पुढचे सगळे आकडे फसवे निघतात. (नवी बॅटरी आम्ल भरून पहिले चार्जिंग न करताच गाडीत बसवून देण्याची घाई अनेक दुकानांत होते; आपल्या दोन बॅटऱ्यांच्या अल्पायुष्यात याचाही वाटा असू शकतो.)

आता इंजिन सुरू करून मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर लावावा आणि रेस वाढवावी. आकडा १४ ते १५ व्होल्टच्या दरम्यान चढला तर चार्जिंग होत आहे. १५ च्या बऱ्याच वर गेला तर रेग्युलेटर प्रवाह आवरत नाही आणि बॅटरीतले पाणी आटत आहे. मात्र आकडा १२.५ च्या आसपास ढिम्म राहील, असा माझा अंदाज आहे.

तसे झाले तर पुराची आठवण ठेवावी. इंजिन खोलून स्वच्छ करणारे अनेक जण वायरिंगच्या कपलरकडे (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्याकडे) पाहतही नाहीत, आणि गाळाचे पाणी एकदा कपलरच्या आत शिरले की तांब्याच्या पिनांवर हिरवट थर वर्षानुवर्षे वाढत राहतो. वायर बाहेरून धडधाकट दिसते, प्रवाह मात्र अडतो. यासाठी इंजिन चालू ठेवून, रेस वाढवून, मीटरचे एक टोक रेग्युलेटरकडून बॅटरीला जाणाऱ्या वायरवर कपलरच्या मागून टेकवावे आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर. वाटेतला फ्यूजही यात मोजला जातो. दोन्हींतला फरक ०.२ व्होल्टपर्यंत असणे चालते. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला तर दोष त्याच वाटेवर आहे. हीच परीक्षा रेग्युलेटरची अर्थ वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्या दरम्यानही करावी. पिना बारीक ब्रशने व कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून वर पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्यावा. काळवंडलेला कपलर बदललेलाच बरा.

ही वाट स्वच्छ निघाली तर कपलर सोडवून चार्जिंग कॉइलच्या वायरवर एसी व्होल्ट पाहावेत. रेसबरोबर आकडा भराभर वाढला पाहिजे. तो वाढतो, वायरी चांगल्या आहेत आणि तरीही बॅटरीला काही मिळत नाही, अशी स्थिती असेल तरच रेग्युलेटर बदलावा. केवळ मीटरच्या डायोड चाचणीवरून रेग्युलेटर बाद ठरवू देऊ नये, कारण त्यातील थायरिस्टर (प्रवाह आवरणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) निरोगी असतानाही दोन्ही बाजूंनी बंद दाखवतो.

प्रश्न : माझ्या दोनशेहून अधिक सीसीच्या गाडीत मॅग्नेटोतून तीन पिवळ्या वायरी येतात. त्यांतली कोणतीही बॉडीशी जोडून पाहिली की मीटर बीप करतो. कॉइल गेली का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कपलर सोडवूनही बीप येत असेल तर होय. कपलर जोडलेला असताना घेतलेली चाचणी रेग्युलेटरमुळे चुकू शकते. वर लिहिलेल्या छोट्या गाडीच्या कॉइलचे एक टोक मुळातच बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे तिथे बीप येणे हेच योग्य. आपल्या तीन वायरींच्या, म्हणजे तीन फेजच्या कॉइलला मात्र बॉडीचा स्पर्शही नसावा. वायरींच्या तिन्ही जोड्यांमधला रोध एकसारखा आणि साधारण एक ओहमच्या आत असावा. मोजण्यापूर्वी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करावा. कॉइल रिवाइंड करता येते. आपल्या भागात शेतीपंपाच्या मोटारी भरणारे कुशल कारागीर पुष्कळ आहेत, परंतु काम देताना ही कॉइल इंजिनाच्या तप्त ऑइलजवळ राहणार आहे हे त्यांना आवर्जून सांगावे आणि तार व वार्निश उच्च तापमानाचेच वापरून घ्यावे.