दोन आसनी लाइट स्पोर्ट विमानाचं डिझाइन: एअरफॉइल ठरला, इंजिन ठरलं, पुढे काय?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन घ्यायचं नक्की आहे, एअरफॉइलही (पंखाच्या छेदाचा आकार) निवडलाय. आता सीएडीमध्ये (संगणकावर) रेखाटनाला लागू का?’ अजून नको. आधी वजनाचा ताळेबंद मांडा, कारण या वर्गातली बहुतेक डिझाइन्स तिथेच बिघडतात.

अमेरिकेने २००४ मध्ये हा वर्ग आखला तेव्हाची चौकट अशी: कमाल वजन ६०० किलो, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे) न उघडता स्टॉलचा वेग (याहून हळू गेलं तर पंख विमान तोलू शकत नाही) जास्तीत जास्त ४५ नॉट, सरळ उड्डाणात कमाल १२० नॉट. २०२५ च्या नव्या नियमांत वजनाची अट गेली, पण पहिल्या डिझाइनसाठी मी ६०० किलोच धरेन. एक सावधगिरी: आपल्याकडे विद्यार्थी ‘हंसा-३’चे (भारतीय बनावटीचं दोन आसनी प्रशिक्षण विमान) आकडे उचलतात. तिचं कमाल वजन ७५० किलो आहे, त्यामुळे ते इथे लागू पडत नाहीत.

६०० मधून दोन माणसांचे १८०, सामानाचे २०, ८० लिटर पेट्रोलचे ५८ किलो वजा करा. रिकाम्या विमानाला ३४२ उरले. नुसतं इंजिन ६० किलोच्या आत दिसतं, पण एक्झॉस्ट, रेडिएटर, ऑइलची टाकी, माउंट, बॅटरी आणि प्रोपेलर धरले की फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधली आगरोधक भिंत) पुढचा भाग ९० किलोच्या आसपास जातो. रंग, गाद्या, वायरिंग कुणीच मोजत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच १५-२० किलो राखीव ठेवा आणि प्रत्येक भाग तयार झाला की काट्यावर तोलून तक्त्यात लिहा.

पंखाचं क्षेत्रफळ स्टॉलवरूनच ठरतं. ४५ नॉट म्हणजे २३.१ मीटर प्रति सेकंद. फ्लॅपशिवाय उत्थापन गुणांक (पंख किती उचल देतो याचा आकडा) १.५ धरला तर साधारण १२ चौरस मीटर लागतात. एअरफॉइलच्या आलेखावरचा १.७ इथे घालू नका. पूर्ण पंखाला तो मिळत नाही.

आता गुरुत्वमध्य. कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) १.३५ मीटर असेल आणि गुरुत्वमध्याची मर्यादा पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २० ते ३० टक्के ठेवली, तर हातात जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर आहेत. पंख सहज काढता यावेत म्हणून ‘आरव्ही-१२’ या विमानासारखी टाकी सीटमागे घेतलीत आणि ती गुरुत्वमध्याच्या ७० सेंटीमीटर मागे आली, तर टाकी रिकामी होईपर्यंत गुरुत्वमध्य साडेसात सेंटीमीटर पुढे सरकतो. निम्मी मर्यादा तिथेच संपली. हलका वैमानिक आणि भरलेली टाकी, दोन जाड माणसं आणि रिकामी टाकी, अशी सगळी टोकं तपासा.

शेपटीत काटकसर करू नका, हे मी फार कळकळीने सांगतो. सेस्नासारख्या अनुभवी कंपनीची ‘स्कायकॅचर’ या लाइट स्पोर्ट मॉडेलची दोन चाचणी विमानं सप्टेंबर २००८ आणि मार्च २००९ मध्ये स्पिनच्या (स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येणं) चाचणीतच पडली. दोन्ही वैमानिक वाचले, पण शेपटीचं डिझाइन बदलावं लागलं. स्पिनमध्ये हवा खालून येते आणि आडव्या शेपटीच्या सावलीत रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) निकामी होतो. विमानाच्या बाजूने दिसणाऱ्या आकृतीवर आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेपासून ६० अंशांची आणि मागच्या कडेपासून ३० अंशांची रेघ वर काढा. रडरचा किमान एक तृतीयांश भाग या पट्ट्याबाहेर हवा. क्षेत्रफळासाठी सुरुवातीला व्हॉल्यूम गुणांक (शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले बाहू, त्याला पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड, उभ्या शेपटीसाठी कॉर्डऐवजी पंखविस्तार, याने भागून येणारा आकडा) आडव्या शेपटीला ०.५, उभ्या शेपटीला ०.०४ धरा. शेपटीचा बाहू (पंखापासून शेपटीपर्यंतचं अंतर) ३.७ मीटर आणि पंखविस्तार ८.९ मीटर असेल तर आडवी शेपूट सुमारे २.२, उभी १.१५ चौरस मीटर येते.

दुसरा धोका फ्लटरचा, म्हणजे वेगात पंख किंवा शेपूट थरथरत तुटण्याचा. ‘झोडिॲक सीएच ६०१ एक्सएल’ची विमानं हवेतच मोडली आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने त्यांचं उड्डाण थांबवण्याची शिफारस केली. एलेरॉनला (पंखाच्या टोकाकडचा हलणारा भाग) बिजागरीपुढे संतुलन-वजन नव्हतं. नंतरच्या सुधारणांत ते आलं, पंखाची बांधणीही मजबूत केली गेली. संतुलन-वजनाचे दोन-तीन किलो ताळेबंदात आजच लिहा. केबलचा ताण सैल पडला तरी फ्लटर लवकर येतो, म्हणून तो ताणमापकानेच मोजा.

पंखाची चाचणी वाळूच्या गोण्यांनी होते. मर्यादा-भार (उड्डाणात अपेक्षित कमाल भार) ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट, त्यावर दीडपट म्हणजे ६ जी. दोन्ही पंखांचं वजन ८० किलो धरलं तर उलट्या ठेवलेल्या प्रत्येक पंखावर सुमारे दीड टन वाळू चढते, मुळाशी जास्त, टोकाला कमी. ४ जी ला थांबून एलेरॉन हलवून पाहा. तो अडकला तर पंख न मोडताही चाचणी नापास. गोण्या उतरवल्यावर कायमचा बाक राहता कामा नये. मगच ६ जी, आणि तो भार तीन सेकंद टिकला पाहिजे.

स्पिनच्या चाचण्या पुढच्या गुरुत्वमध्यापासून सुरू करून थोडथोडं मागे सरका. विमानाला पॅराशूट, वैमानिकाच्या पाठीवर वेगळं पॅराशूट आणि एका झटक्यात निखळणारा दरवाजा, हे तिन्ही असल्याशिवाय पहिली स्पिन करू नका.