हळहळणाऱ्यांकडे पावती माग

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. एका छपराखाली सगळं विकणाऱ्या आपल्या दुकानाच्या जुन्या फोटोवर लोक भरभरून हळहळले, म्हणून सागवानी काउंटरला पॉलिश करून सगळं होतं तसंच ठेवायचं तुझ्या मनात आलंय. चांगली माणसं आहेत ती, त्यांचं प्रेमही खोटं नाही. पण त्यातले किती जण गेल्या दिवाळीत आपला जिना चढले? बिलबुक काढ आणि नावं ताडून बघ. मी वाट बघतो.

एकतीस वर्षं मी तुमच्याकडे काउंटरला उभा होतो, तेव्हा आठवणी माझ्याकडेही पोत्यानं आहेत. मे महिन्यात नागपूरच्या बर्डीचा रस्ता पंचेचाळीस अंशांनी भाजत असायचा. लोक आत यायचे, कूलरसमोर टॉवेल उलटेपालटे करत उभे राहायचे. वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास यायचा. घ्यायचं काहीच नसायचं, आम्हालाही ते कळायचं. तुझे बाबा म्हणायचे, ‘काहून हाकलता? उभं राहू द्या ना.’ कुणी जाताना रुमाल तरी घ्यायचं, आणि गणवेशाच्या वेळी पोरांना घेऊन यायचं. आता त्याच गारव्यासाठी लोक मॉलमध्ये फिरतात. ज्या जागेवर टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, तिथेही मॉलच उभा आहे. सवय गेली नाही पोरी, फक्त पत्ता बदलला.

‘परंपरा’ हा शब्द तू चार वेळा लिहिलास, म्हणून सांगतो. आपल्यासारखं एका छपराखाली सगळं विकणारं दुकान, हा प्रकार मुळात परंपरेविरुद्धच होता. पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानात १८५२ मध्ये बुसिको नावाचा व्यापारी भागीदार झाला. त्यानं प्रत्येक वस्तूवर किंमत लावली, घ्यायचं नसलं तरी आत येऊन बघायची मोकळीक दिली, आवडलं नाही तर परत घेतलं. घासाघीस करून विकणाऱ्या दुकानदारांना ते आगाऊपणाचंच वाटलं असणार. आज फोनवर लोक काय करतात? किंमत बघतात, न घेता तासभर चाळतात, नाही पटलं की परत पाठवतात. आपलीच युक्ती आपल्याहून सोयीची करून कुणी तरी विकतंय.

अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानांच्या साखळीनं तर घरबसल्या खरेदीवरच नाव कमावलं होतं. टपालानं माल मागवायचा तो जाडजूड कॅटलॉग त्यांनी १९९३ मध्ये बंद केला. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉन कंपनी स्थापन झाली आणि २०१८ मध्ये सिअर्स दिवाळखोरीत गेलं. आपल्याकडेही नवेपणा कुणाला तारतोच असं नाही. २००१ मध्ये आलेल्या बिग बझारला आपण केवढे घाबरलो होतो! एकवीस वर्षांत त्याचाही कारभार आटोपला.

पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, असं तुझे बाबा म्हणतात. मीही म्हणायचो. पण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच येऊन मिळतात, आणि बाहेर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी आहे. ती आपल्या दारावरून पुढे जाते.

माझी एक चूक तुला सांगायचीच आहे. सफारी सूटची फॅशन ओसरत चालली होती आणि मी हट्टानं कापडाचे चाळीस पीस मागवले. खपेनात. भाव पाडा म्हटलं तर माझं नाक आडवं यायचं. सहा वर्षं ते पीस तिसऱ्या मजल्यावर पडून होते, घडीवर पिवळी रेघ उमटली. शेवटी भांडीवालीला देऊन बदल्यात एक स्टीलचा डबा आला. तो तुमच्या घरी आहे, साखरेचा. डेड स्टॉक म्हणजे काय, हे त्या डब्याकडे बघून लक्षात ठेव.

म्हणून वरचे दोन मजले भाड्याने दे. बाबा चार दिवस बोलणार नाहीत, पाचव्या दिवशी चहा मागतील. तळमजल्यावर गणवेश ठेव. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे सगळी खरेदी त्याआधीच्या पंधरा दिवसांत कोसळते. त्या पंधरवड्यात आईला फोनवरचं माप चालत नाही. पोरगं समोर उभं करायचं, हात वर करायला लावायचा, काखेत कापड ओढतंय का बघायचं, पँटला आत चार बोटं जास्तीची दाबून द्यायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. हे मी एका पोराला महिन्याभरात शिकवू शकतो. त्याला पगार नीट दे, आम्हाला मिळायचा तसा नको. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दारावरची पाटी आजच उतरव. ती मीच रंगवून आणली होती.

फोटो लाव हवं तर, एकच, गल्ल्यामागे.

रविवारी सकाळी येतो. गेल्या तीन वर्षांच्या मालाच्या वह्या काढून ठेव, आणि जिन्यातला दिवा बदल. मागच्या खेपेला माझी पायरी चुकली होती.

तुझा,
काउंटरवाला काका