तळटीप खरी असली की झालं का?

मागच्या महिन्यात या सदरात मायकल क्रायटनच्या ‘स्टेट ऑफ फिअर’ कादंबरीचा विषय निघाला आणि तेव्हापासून पत्रं थांबतच नाहीयेत. ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००४ च्या डिसेंबरात आलेली थ्रिलर. लोकांना हवामानबदलाची भीती बसावी म्हणून काही अतिरेकी पर्यावरणवादी मुद्दाम आपत्ती घडवायला निघतात, अंटार्क्टिकात बर्फाचा कडा तोडायचा, ॲरिझोनात पूर आणायचा, शेवटी सॉलोमन बेटांवरून त्सुनामी, आणि एमआयटीचा एक प्रोफेसर नि एक तरुण वकील त्यांच्या मागे. मधेमधे ग्राफ, पानाखाली तळटीपा. सूर असा की ग्लोबल वॉर्मिंगचा उगाच बाऊ केलाय.

दादा, मी इंजिनियर आहे. कादंबरीतल्या दहाबारा तळटीपा मी स्वतः शोधून बघितल्या, सगळे पेपर खरे निघाले, जर्नल खरं, पानं खरी. मग लेखक खोटं बोलतोय असं लोक का म्हणतात? – एक वाचक, नाशिक

सगळ्यात आधी, तुम्ही शोधून बघितलंत याचाच मला आनंद झाला, बहुतेक जण तळटीप दिसली की मान डोलावून पुढे जातात. मीही तेच केलं होतं. २००५ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर कॉपी मिळाली, दोन रात्रीत संपवली आणि नंतर बरेच दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की अंटार्क्टिका तर थंड होतंय.

ज्या पेपरवरून मी हे सांगत होतो तो खराच आहे. पीटर डोरन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, २००२ साली ‘नेचर’मध्ये आलेला. पण त्यात काय आहे ते बघा. १९६६ ते २००० या काळात अंटार्क्टिकाचा सुमारे ५८ टक्के भाग थंड झाला, म्हणजे उरलेला गरम होत होता, आणि तिथला द्वीपकल्पाचा भाग तर चांगलाच तापत होता. यावरून सगळं जग तापत नाहीये असं त्या पेपरात कुठेही म्हटलेलं नाही. शेवटी जुलै २००६ मध्ये डोरनने स्वतः न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, त्यात या कादंबरीचं नाव घेतलं आणि सांगितलं की माझ्या कामाचा अर्थ उलटा लावलाय, ग्लोबल वॉर्मिंग नाकारणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा. ज्याचा पेपर तोच हे सांगतोय म्हटल्यावर ती तळटीप खरी असून काय उपयोग?

दुसरं उदाहरण नासाचा हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सनचं. कादंबरीतला प्रोफेसर ठासून सांगतो की १९८८ साली हॅन्सनने अमेरिकी सिनेटपुढे तापमानवाढीचा जो अंदाज दिला तो तीनशे टक्के चुकला. पण हॅन्सनने अंदाज एक दिला नव्हता, तीन दिले होते, ए, बी आणि सी. ए म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं उत्सर्जन झपाट्याने वाढलं तर, सी म्हणजे एकदम कमी केलं तर, आणि बी मधला, तोच सगळ्यात शक्य वाटतो असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात तापमान बी च्या आसपास, थोडं खालीच राहिलं. चुकला ते दाखवायला फक्त ए उचलला की काम झालं. इथे आकडा कुणी बनवलेला नाहीये, तीनातला एकच सांगितलाय, आणि मला हे साध्या थापेपेक्षा जास्त लागतं कारण थाप पकडता तरी येते.

आणि एक गोष्ट वाचताना माझ्या लक्षात फार उशिरा आली. त्या वकिलाला आणि बाकीच्यांना प्रत्येक वादात प्रोफेसर गप्प करतो, पण दोन्हीकडचे डायलॉग लिहिणारा माणूस एकच आहे ना, समोरचा हरायलाच उभा केलाय. थ्रिलरमध्ये ते चालतं. पण सप्टेंबर २००५ मध्ये सिनेटर इनहोफ यांनी याच लेखकाला सिनेटच्या पर्यावरण समितीपुढे साक्षीला बोलावलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रोलियम भूगर्भतज्ज्ञांच्या संघटनेने या कादंबरीला पुरस्कार दिला, तोही पत्रकारितेचा. इथे मात्र मला राहवत नाही. कादंबरीला कादंबरीचं बक्षीस द्या की, कितीही द्या.

पुण्यात रात्री पूर्वी स्वेटर लागायचा, आता पंखा लागतो. सगळं सिमेंटचं काम आहे. क्रायटन हेच म्हणतो ना, की शहरं तापलीत, पृथ्वी नाही? – एक वाचक, कोथरूड

सिमेंटचं तुमचं बरोबर आहे, काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन साठवतं नि रात्री सोडतं, आणि क्रायटनने शहरांचे नि छोट्या गावांचे ग्राफ शेजारीशेजारी ठेवून हा मुद्दा छान मांडलाय. पण समुद्रावर कुठे सिमेंट आहे? तोही तापलाय. अमेरिकेतला रिचर्ड मुलर हा भौतिकशास्त्रज्ञ, त्यालाही हीच शंका होती, त्याने ‘बर्कली अर्थ’ प्रकल्प काढला, त्याच्या पैशात तेलउद्योगातल्या कोक कुटुंबाच्या फाउंडेशनचाही वाटा होता, तीस हजारांहून जास्त केंद्रांच्या नोंदी तपासल्या, शहरं वेगळी काढून बघितलं, आणि उत्तर तेच आलं की जमीन खरोखर तापतेय. २०१२ मध्ये त्याने उघडपणे लिहिलं की मी मत बदललंय आणि कारण माणूसच आहे. संशय घ्यायचा तर असा घ्यावा, मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

कादंबरीत म्हटलंय की डीडीटीवरच्या बंदीमुळे मलेरियाने कोट्यवधी माणसं मेली. माझे वडील हिवताप विभागात होते, त्यांना हे वाचून फार वाईट वाटलं. खरं आहे का? – एक वाचक, चिपळूण

वडिलांना सांगा, त्यांनी फवारलेलं डीडीटीच याचं उत्तर आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये बंदी घातली ती मुख्यतः शेतीतल्या वापरावर, रोगनियंत्रणाला मुभा होती. आपल्याकडे शेतीतली बंदी १९८९ ची आणि त्यानंतरही मलेरियासाठी फवारणी चालूच राहिली. पंप घेऊन येणारी माणसं, भिंतीवर लिहिलेली तारीख, खेड्यातल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. मलेरिया परत वाढला त्यात मोठा भाग डासांना डीडीटीची सवय होण्याचा होता, आणि ती सवय लागायला शेतातला बेसुमार वापरही कारणीभूत होता.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. ही कादंबरी वाचल्यापासून म्हणतो सगळं थोतांड आहे, लेखक हार्वर्डचा डॉक्टर आहे, त्याला कळत नसेल का? पुस्तक काढून घेऊ का? – एक आई, ठाणे

ताई, अजिबात नको. उलट त्याला म्हणा शेवटी लेखकाचं मनोगत आहे तेही वाच, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. तिथे क्रायटन स्वतः मान्य करतो की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याला माणूस कारण असण्याची शक्यता आहे. पुढे तो स्वतःचा अंदाजही देतो, पुढच्या शंभर वर्षांत ०.८१२४३६ अंश वाढ, इतके दशांश मुद्दामच, कारण कुणाचाच अंदाज दुसऱ्यापेक्षा बरा नाही हे त्याला दाखवायचं होतं. तर हाच आकडा धरून तपासा. पुस्तक आल्यापासून तापमान दर दहा वर्षांना साधारण ०.२ अंश किंवा थोडं जास्तच वाढतंय, म्हणजे शंभर वर्षांच्या अंदाजातला जवळपास निम्मा वीस वर्षांतच संपला. क्रायटन २००८ मध्ये गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही. पण तुमच्या मुलाला मिळेल. नासाचे १८८० पासूनचे वर्षावर्षाचे आकडे फुकट मिळतात, माझे शब्दही त्याने धरू नयेत, २००४ वर एक उभी रेघ मारून पुढचा ग्राफ त्यालाच काढू द्या आणि काय दिसलं ते मला कळवा.