वाचक विचारतात : गळ, गरी आणि होडीचं बुकिंग

प्रश्न : आम्ही पाच मित्र डिसेंबरात मालवणला होडी ठरवून मासे पकडायला जाणार आहोत. ‘फिशिंग ट्रिप’ म्हणून दीड तासापासून आठ तासांपर्यंत काहीही मिळतंय आणि भावात चौपट फरक आहे. निवडायचं कसं? — जुळे सोलापूर

उत्तर : दीड तासाची ट्रिप म्हणजे बहुतेक वेळा डॉल्फिन दाखवणारीच होडी. किनाऱ्यालगत नांगर टाकतात आणि हातात दोरी, गरी (गळाचा आकडा) आणि कोळंबीचा तुकडा देतात. बारीकसारीक मासा लागतो, पोरं खूश होतात. सोबत लहान मुलं असतील तर तेवढं पुरे. सुरमई, तांबोशी, गोबरा हवा असेल तर मात्र खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ भागावर जावं लागतं. तिथं पाणी 25 ते 40 मीटर खोल, आणि नुसत्या जाण्यायेण्यात दोन तास मोडतात.

भावातला फरक इंधनाचा आहे. 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण 15 लिटर पेट्रोल पितं. तीन तास चाललं की 45 लिटर झालं. त्यावर तांडेल (होडीचा प्रमुख), खलाशी, बर्फ आणि आमिष धरा. एवढं धरून जो भाव परवडूच शकत नाही, तो सांगणारा तुम्हाला लांब नेणार नाही, हे उघड आहे. म्हणून फोनवर ‘कितीला?’ विचारण्याआधी ‘किती खोल पाण्यात नेणार आणि प्रत्यक्ष गरवायला किती तास?’ हे विचारा. (आपल्याकडे ‘गळ टाकायला’ जातात, कोकणात ‘गरवायला’. हा एक शब्द वापरलात तर समोरचा नीट बोलायला लागतो.)

चांगला तांडेल स्वतःच चार प्रश्न करतो : माणसं किती, आधी कधी गरवलंय का, ट्रोलिंग (चालत्या होडीमागे आमिष ओढणं) करायचं की जिगिंग (जिग म्हणजे धातूचं वजनदार नकली आमिष, ते खाली सोडून झटके देणं), रॉड तुमचे की आमचे. फक्त ॲडव्हान्सचा नंबर पाठवणारा माणूस सोडून द्या, होडीचे फोटो कितीही झकास असोत. तुम्ही पाच जण आहात. 22-24 फुटी होडीत एका वेळी तिघांनीच रॉड चालवावेत, नाहीतर दोऱ्या गुंततात आणि फेकताना गरी शेजाऱ्याच्या कानात जाते. पाळ्या लावा, किंवा दोन होड्या घ्या.

पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या : किती वाजता निघणार, इंधन आणि रॉड भावात धरलेत का, गरी किंवा जिग तुटला तर भरपाई किती, पकडलेला मासा कोणाचा, आणि हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख. भांडणं होतात ती माशावरून. काही जण दोन-चार किलो तुम्हाला देऊन बाकीचा ठेवून घेतात. त्यात गैर काही नाही, पण ते जेट्टीवर उतरल्यावर कळू नये.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच गळ टाकू देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. 1987 पासून तिथं मालवण सागरी अभयारण्य आहे. कासव, डॉल्फिन, करवत मासा यांना तर कुठंच हात लावायचा नाही.

प्रश्न : शनिवार-रविवारच धरावा लागतो. तारीख ठरवताना आणखी काय बघायचं? — अक्कलकोट रोड

उत्तर : कॅलेंडरात वार बघून झाला की तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. ओढ जोराची, त्यामुळे 100 ग्रॅमचा जिग तळाला पोचायच्या आत वाहून जातो. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटी असते. होडी हळू सरकते, दोरी सरळ खाली जाते. खडपावर नवख्यांसाठी हेच दिवस बरे. खाडीत जिताडा मासा पकडायला गेलात तर उलटं : तिथं पाणी हलतं हवं, भरती लागताना किंवा उतरताना. भरतीच्या वेळेचा जुना हिशेब म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीचं तयार कोष्टक बघा.

1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या तरी समुद्र लगेच निवत नाही, ऑक्टोबरच्या आधी बुकिंग करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी उत्तम, कारण दुपारी वारा उठतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज फुकट बघता येतो. लाट दीड मीटरच्या वर असेल तर छोट्या होडीतून जाऊ नका, तांडेल ‘काय नाय होत’ म्हणाला तरी.

सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर करत मालवण म्हणजे अख्खा दिवस. रात्रभर गाडी हाणून पहाटे होडीत बसलं की उलटी ठरलेलीच. आदल्या संध्याकाळी पोचा आणि झोपा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. बरोबर कडक भाकरी न्या, ती टिकते. शेंगाचटणी परतीच्या वाटेवर खा.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या ट्रिपमध्ये दोन सुरमया लागल्या आणि दोन्ही वेळा दोरी तुटली. होडीवाला म्हणाला, नशीब. — बार्शी

उत्तर : नशीब नव्हे, दात. गरीच्या वर साधारण वीतभर तार (लीडर) हवी, नुसती नायलॉन दोरी सुरमई कात्रीसारखी कापते. तुटलेलं टोक स्वच्छ कापलेलं असेल तर दात. शेवटी शेवेसारखं गुंडाळलेलं असेल तर गाठ सुटलेली. वर रीलच्या जवळ तुटली असेल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) जास्त आवळलेला. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढाच ठेवा, म्हणजे 30 पौंडी दोरीला 8 ते 10 पौंड. बुकिंगच्या वेळी ‘तारेचे लीडर आहेत ना?’ एवढं विचारलं असतंत तरी उत्तरावरून माणूस कळला असता.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला, उजनीत होडी नाही का मिळणार? — टेंभुर्णी

उत्तर : भिगवणच्या बाजूला होड्या मिळतात त्या रोहित पक्षी दाखवायला. कोळ्यांच्या होड्या जाळ्यासाठी असतात. शिवाय जलाशयातली मासेमारी परवान्याने चालते, म्हणून स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांची परवानगी घेऊन काठावरून बसणं उत्तम : चिलापीला गांडूळ आणि बारीक गळ, कटल्याला कणकेत शेंगदाणा पेंड मळून. कटला वरच्या पाण्यात खातो, मृगळ तळाशी. तरंगा (दोरीवरचा तरंगणारा तुकडा) त्याप्रमाणे खाली-वर करा. होडीत बसायचंच असेल तर लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नव्हे, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर नकोच. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले.

प्रश्न : पकडलेला मासा सोलापूरपर्यंत टिकेल का? — होटगी रोड

उत्तर : टिकतो, पण बर्फ होडीतच हवा, जेट्टीवर नाही. किलोला किलो बर्फ धरा. पोट आणि कल्ले काढा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-मासा-बर्फ असे थर लावा, वितळलेलं पाणी कोल्हापुरात काढून नवा बर्फ भरा. सुरमई, बांगडा, कुपा उन्हात तासभर पडला तर त्यात हिस्टामाइन तयार होऊ लागतं. ते शिजवून जात नाही, वासही नेहमी येत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं. उन्हात राहिलेला मासा, कितीही मोठा असला तरी, सोलापूरला आणू नका.