चेनसॉ विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवारात बरीच झाडं आहेत, दरवर्षी फांद्या छाटायच्या असतात आणि पडलेल्या लाकडाचं सरपण करायचं असतं. हातात बोनस आहे. तुमच्या मनात 50 सीसीचा, व्यावसायिक वापराचा पेट्रोल चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यांत्रिक करवत, भरलाय. घरचे म्हणतात, भाड्याने आणा.

मी आधी किंमत नाही, कामाचं वेळापत्रक बघतो. भाडं बहुधा दिवसावर असतं. वर्षभराचं लाकूड दोन-तीन सलग दिवसांत कापून होत असेल, तर घरच्यांचं अगदी बरोबर आहे. पण तुम्ही लिहिलंय की सुट्टीला तास-दीड तास, तेही जमेल तेव्हा काम करता. अशा तुटक कामाला दर वेळी अख्ख्या दिवसाचं भाडं आणि आणण्या-नेण्याचा खर्च पडतो. तुमच्यासाठी विकत घेणं योग्य.

पण कोणता? इथेही तोच निकष. पेट्रोल चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, बहुतेक मॉडेलना 50:1 प्रमाणात, म्हणजे 50 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. हे मिश्रण टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की खराब होतं, कार्ब्युरेटर तुंबतो आणि न वापरलेल्या मशीनच्या दुरुस्तीचं बिल येतं. रोज काम करणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही. तुम्हाला नक्की होईल. म्हणून बॅटरीवरचा, 12 ते 14 इंची बारचा (बार म्हणजे ज्या पट्टीभोवती साखळी फिरते ती) चेनसॉ घ्या. घरात एखाद्या कंपनीची बॅटरीवरची अवजारं आधीच असतील, तर तीच बॅटरी चालणारं मॉडेल आहे का ते पाहा, कारण बॅटरी आणि चार्जर हाच किमतीतला मोठा वाटा असतो. दुसरी बॅटरी मात्र आताच घेऊन ठेवू नका. लिथियम बॅटरीची क्षमता न वापरताही वयानुसार घटते, त्यामुळे खरंच कमी पडली तरच घ्या.

14 इंची बारने 10 इंचांपर्यंत जाडीचे ओंडके सहज कापता येतात. मोठं मशीन जड असतं, आणि फांद्या छाटताना ते तासभर धरून हात भरून येतात. थकलेल्या हातात चेनसॉ मला अजिबात नको वाटतो. कधीतरी जाड खोड पडलंच तर त्या एका दिवसापुरता मोठा चेनसॉ भाड्याने आणा. वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी मॉडेलं आकर्षक दिसतात, पण ती झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांसाठी असतात. ती नकोत.

आता ज्यावर मी अडूनच बसेन ते. जाळी आणि कानांचं संरक्षण असलेलं हेल्मेट, चेनसॉसाठीची संरक्षक पँट, बूट, हातमोजे हे सगळं पहिल्याच बजेटमध्ये धरा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात अंगावर उसळतं. या सामानासाठी पैसे उरत नसतील, तर चेनसॉ पुढच्या वर्षी घ्या. शिवाय बार ऑइल (बार आणि चेनला लागणारं वंगण), एक जादा चेन आणि चेनच्या मापाची गोल कानस लागेल. चेन स्वतः घासायला शिकलात तर सर्व्हिसिंगचा बराच खर्च वाचेल. कापताना लाकडाच्या चिपांऐवजी बारीक भुसा पडू लागला की धार गेली असं समजा.

बोनसमधून आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आपत्कालीन निधी पूर्ण करा. उरलेल्या रकमेत हे सगळं रोखीने बसत असेल तरच घ्या, हप्त्यांवर नको.