सशस्त्र संघर्षात सामान्य माणसे मारली गेली, तर त्याला दंगल म्हणावे, हत्याकांड म्हणावे की नरसंहार?

तुम्ही स्थानिक इतिहासावर लेख लिहीत आहात आणि योग्य शब्द विचारत आहात. माझ्या मते नाव शेवटी ठरवावे, आधी वाक्याला कर्ता द्यावा. कोणी मारले, कोणाला, कुठे, आणि मारले गेलेले निःशस्त्र होते का, एवढे स्पष्ट लिहिले की नावाचा प्रश्न बराचसा सुटतो.

मी हे ठामपणे सांगतो, त्याला कारण आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात एका स्मरणिकेसाठी माझ्याकडून लेख मागवला होता. आमचे गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. पूर्वार्धात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी परिसरात केलेली जाळपोळ आणि खून होते. उत्तरार्धात, सप्टेंबर १९४८ मध्ये 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटल्या गेलेल्या कारवाईत भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्यानंतर गावातल्या निःशस्त्र मुसलमान पुरुषांना आमच्याच काही गावकऱ्यांनी बाहेरच्या टोळीच्या साथीने विहिरीपाशी नेऊन ठार केले, हे होते. दोन्ही गोष्टी मी गावातल्या वृद्धांकडून, हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांतून, ऐकून ताडून घेतल्या होत्या. मुद्रिते हाती आली तेव्हा पूर्वार्धात संपादकांनी स्वतः 'नृशंस हत्याकांड' असे शब्द घातले होते आणि उत्तरार्धातल्या अख्ख्या परिच्छेदाच्या जागी एकच ओळ उरली होती : 'पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत काही जणांना प्राण गमवावे लागले.' मारणारे गेले, विहीर गेली, मेलेले कोण होते तेही गेले. मी जाब विचारला तेव्हा, जुन्या जखमा कशाला उकरता आणि याला पुरावा काय, असे उत्तर मिळाले.

पुरावा आहे. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या आणि अत्यंत सावधपणे धरले तरी २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा होते. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतली माणसेही सामील होती, असे तीच समिती म्हणते. आणि अनेक हिंदूंनी प्राण देऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, हेही तीच नोंदवते. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही.

आता तुमच्या शब्दांकडे येतो. दोन्ही बाजू हाणामारी करत असतील तर दंगल. विहिरीपाशी उभ्या केलेल्या माणसांच्या बाबतीत तो शब्द खोटा आहे, तिथे हत्याकांडच म्हणावे. नरसंहार मात्र जपून वापरावा. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या करारानुसार एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, केवळ आकडा मोठा असून भागत नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान, पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने हेतू तपासूनच २००१ मध्ये तो शब्द वापरला.

एक पथ्य सांगायला हवे. समितीचा आकडा हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, म्हणून तो 'समितीच्या अंदाजानुसार' असेच लिहून द्यावा. मारेकऱ्यांची नावे केवळ ऐकीव असतील तर छापू नयेत, कारण त्यांची नातवंडे त्याच गावात राहतात. पण नाव गाळणे वेगळे आणि कर्ताच गाळणे वेगळे. रझाकारांनी 'ठार केले' आणि आपल्या लोकांच्या हातून मेलेल्यांना मात्र 'प्राण गमवावे लागले', असे एकाच लेखात कोणी छापू पाहत असेल, तर मी केले तसे करावे आणि लेख परत मागून घ्यावा.