धावपट्टी बंदच्या प्रस्तावाला उत्तर देताना: ‘बंद नको’ म्हणू नका, मीटर आणि वेळा मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कराडसारख्या एकाच धावपट्टीच्या विमानतळावर उद्या डांबरीकरणासाठी धावपट्टी बंद ठेवायचा प्रस्ताव आला, तर स्थानिक पायलट आणि विद्यार्थ्यांनी हरकत कशी लिहावी? आणि ‘निम्मी धावपट्टी चालू ठेवा, निम्म्यावर काम करा’ असं सुचवावं का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक हरकतींमध्ये हीच मागणी असते आणि तीच सगळ्यात कच्ची आहे. ऐकायला समंजस वाटते, आकडेमोड केली की कोसळते.

कराडची धावपट्टी सुमारे १२८० मीटरची, समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर. निम्मी म्हणजे ६४० मीटर. तेवढेही हातात येत नाहीत, कारण जिथे पेव्हर (डांबराचा थर टाकणारं यंत्र) आणि रोलर उभे आहेत त्याच्या अलीकडे किमान ६० मीटर मोकळे सोडावे लागतात. राहिले ५८०. आता सेसना १७२एस या प्रशिक्षणाच्या चार आसनी विमानाचं पीओएच, म्हणजे उत्पादकाची वैमानिक-पुस्तिका, उघडा. पूर्ण वजनात, समुद्रसपाटीला, १५ अंशांना, ५० फुटांचा अडथळा पार करायला १६३० फूट, म्हणजे ४९७ मीटर लागतात. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचा ढोबळ नियम असा की उंचीच्या प्रत्येक १००० फुटांना टेकऑफचं अंतर १० टक्के वाढतं, तापमानाच्या प्रत्येक १० अंशांना आणखी १० टक्के, आणि या वाढींची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा. मे महिन्यात दुपारी ४० अंश धरले तर ४९७ चे साधारण ७५५ मीटर होतात. त्यावर सुरक्षेचा १.३३ चा गुणक लावला की १००० मीटर. पहाटे २२ अंशांना हाच हिशेब ८५० मीटरच्या आसपास येतो. दोन आसनी सेसना १५२ हलकं आहे, पण तेही पूर्ण वजनात पहाटे ७०० मीटर मागतं. लँडिंगला गुणक १.४३ चा असतो, तिथेही १७२एसला दुपारी ७२० मीटर लागतात.

म्हणजे निम्मी धावपट्टी चालू ठेवून फायदा कुणाचा? पहाटे एकट्याने उडणाऱ्या १५२ च्या विद्यार्थ्याचा, तोही सुरक्षेचा गुणक कुरतडून. आणि काम मात्र दोन टप्प्यांत विभागल्यामुळे लांबतं. शिवाय आखूड पट्टीवर एका टोकाला यंत्रं दिसली की माणूस मोकळ्या टोकाकडे उडायला बघतो, मग वारा पाठीमागून का असेना. उड्डाणवेगाच्या दहा टक्के पाठवारा अंतर २० टक्क्यांनी वाढवतो. अशा अपघाताच्या चौकशीत ‘धावपट्टी चालूच होती’ एवढंच लिहिलं जातं.

त्यामुळे माझं मत: निम्म्या धावपट्टीला स्पष्ट नकार द्या, आणि त्याऐवजी दिवसाची विभागणी मागा. सकाळी उड्डाण, दुपारी काम.

हे कंत्राटदारालाही परवडतं. पावसाळ्यात डांबराचं काम होत नाही, म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढाच काळ त्याच्या हातात, आणि नेमका तोच उड्डाणाचाही हंगाम. पण एप्रिल-मेमध्ये साडेअकरानंतर तसंही कुणी शहाणा प्रशिक्षक विद्यार्थ्याला सर्किटला (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्यांना) पाठवत नाही. घनता-उंची (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) सव्वापाच हजार फुटांवर गेलेली असते आणि तापलेल्या रानावरून उठणारे झोत विमान फेकत असतात. दुपारी ते संध्याकाळ टाकलेला थर रात्रभर निवतो आणि सकाळी चाकाखाली यायला तयार असतो. उलट केलं, म्हणजे सकाळी काम आणि दुपारी उड्डाण, तर ताजा थर उन्हात मऊच राहतो. ब्रेक मारून वळणाऱ्या नोजव्हीलने (पुढच्या चाकाने) त्याची साल निघते.

रोज धावपट्टी परत मिळवायची तर चार अटी पत्रात स्वतंत्र ओळींत लिहा, नाहीतर त्या कंत्राटात येत नाहीत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, थराच्या टोकाची पायरी. त्या दिवसाचं काम जिथे थांबतं तिथे तात्पुरता उतार हवा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार थर ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर उतार ०.५ ते १ टक्का, त्याहून जाड असेल तर ०.५ टक्क्याहून जास्त नको. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या थराला निदान ५ मीटर लांबीचा उतार, साडेसात सेंटिमीटरच्या थराला १५ मीटर. रस्त्याच्या कामाची सवय असलेली मंडळी हातभर लांबीचा उतार करून मोकळी होतात. मोटारीला तो चालतो, ६० नॉटने पळणाऱ्या नोजव्हीलला नाही. दुसरी अट, काम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकावं, आणि दिशा अशी निवडावी की बहुतेक विमानं उतार चढण्याऐवजी उतरतील. तिसरी, एका दिवसाचा तुकडा पूर्ण रुंदीचा व्हावा. अर्ध्या रुंदीत पेव्हर थांबला की मध्यरेषेला समांतर पायरी राहते आणि आडव्या वाऱ्यात उतरणारं विमान नेमकं तिच्यावरून घसरतं. चौथी, उड्डाणं सुरू होण्याआधी झाडलोट, आणि तात्पुरती का होईना पण मध्यरेषा. सुटी खडी प्रोपेलरच्या पात्याच्या पुढच्या कडेला खाच पाडते. ती वेळीच घासून काढली नाही तर तिथूनच तडा सुरू होतो.

याशिवाय काही दिवस पूर्ण बंद लागणारच, विशेषतः दोन्ही टोकं आणि टॅक्सीवेचा (धावपट्टीला जोडणाऱ्या मार्गाचा) सांधा करताना. ते मान्य करा. सलग आठ-दहा दिवस, तारखा आधी ठरलेल्या, हे तीन महिन्यांच्या ‘गरजेनुसार बंद’पेक्षा कितीतरी बरं.

आता नोटॅम, म्हणजे पायलटांसाठी निघणारी अधिकृत सूचना. प्रस्ताव मराठीत किंवा इंग्रजीत छान असतो, घोळ नोटॅममध्ये होतो, कारण वेळा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतात. सकाळी ६ ते ११:३० उड्डाण आणि ११:३० ते संध्याकाळी ६:३० बंद ठरलं, तर बंदची वेळ नोटॅममध्ये ०६०० ते १३०० अशी दिसेल. घाईत वाचणारा बाहेरचा पायलट ती भारतीय वेळ समजतो आणि दुपारी दोनला रोलरच्या डोक्यावर येतो. पहाटे साडेपाचच्या आधीचं काहीही असेल तर यूटीसीची तारीखच आदल्या दिवसाची होते. म्हणून मसुदा आधी दाखवा अशी मागणी करा. नोटॅमच्या सांकेतिक क्यू ओळीत धावपट्टी बंदचा कोड ‘एमआरएलसी’ आहे का, रोजची वेळ डी ओळीत स्वतंत्र दिली आहे का, आणि शेवटच्या वेळेपुढे अंदाजे म्हणून ‘ईएसटी’ लावलं आहे का, एवढं बघा. ‘ईएसटी’ असेल तर नोटॅम वेळ संपली म्हणून आपोआप संपत नाही, तो रद्द करावा किंवा बदलावा लागतो. ते करायला विसरले की काम होऊनही धावपट्टी कागदावर बंदच राहते. काम तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर नुसत्या नोटॅमवर भागवू नये, एआयपीची (देशाच्या अधिकृत हवाई माहिती-पुस्तिकेची) पुरवणी मागावी.

जमिनीवरची खूणही हवी. बंद धावपट्टीवर पांढरी फुली, दोन्ही टोकांना, आणि मधे ३०० मीटरपेक्षा जास्त अंतर न सोडता. रोज लावायची-काढायची म्हणजे कापडी फुल्या आल्या, त्यांना कडेने वाळूच्या पिशव्या लावा. वैशाखाच्या वावटळीत कापड गुंडाळलं गेलं तर वरून काहीच दिसत नाही. टॉवर नसलेल्या पट्टीवर हाच शेवटचा इशारा असतो.

पत्र कुणाला? विमानतळ चालवणाऱ्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीला, प्रत डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयाला. लांबलचक निवेदन नको. एक पान आणि एक तक्ता: विमानाचा प्रकार, आठवड्याचे तास, पहाटे लागणारं अंतर, दुपारी लागणारं अंतर. तासांचे आकडे टेक-लॉगमधून (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतून) काढा, अंदाजाने फुगवू नका. समोरचा अधिकारी एक आकडा खोटा पकडतो आणि मग सगळं पत्र बाजूला पडतं.

विद्यार्थ्यांचा मुद्दा ठोस लिहा. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतातच, पण अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तासही हवेत. शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची ही खिडकी बंदच्या काळात निसटते, त्यामुळे अशा विद्यार्थ्यांची संख्या आणि तारखा द्या. ‘विद्यार्थ्यांचं नुकसान होईल’ हे वाक्य एकटं काही करत नाही.

हेलिकॉप्टर रुग्णवाहिका आणि पूरमदत हे मुद्दे गाळा. हेलिकॉप्टर एप्रनवरून (विमानं उभी करण्याच्या जागेवरून) उडतं, धावपट्टी बंद असली तरी. तो मुद्दा घातलात तर खोडणं सोपं जातं. तसंच सांगलीकर मित्रांनी पर्याय म्हणून कवलापूरचं नाव लिहू नये. ती पट्टी कित्येक वर्षं वापरात नाही. व्यवहार्य पर्याय दोनच: कोल्हापूर, सरळ रेषेत सुमारे ३८ नॉटिकल मैल, आणि बारामती, सुमारे ६१. कोल्हापूर जवळ आहे, पण तिथे प्रवासी विमानांची वर्दळ असल्याने सर्किटला मर्यादा येतात. शंभर नॉटने जाऊन-येऊन पाऊण तास जातो, म्हणजे १७२ चं साधारण २५ लिटर अॅव्हगॅस नुसतं ये-जा करण्यात. रोज ते करण्यापेक्षा पूर्ण बंदच्या दिवसांत विमान तिकडेच ठेवणं स्वस्त. ते बंद सुरू होण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नव्हे, दोन दिवस आधी हलवा. वारा किंवा धुकं आडवं आलं तर विमान इथेच अडकतं.

अडकलंच, किंवा ठेवायचंच ठरलं, तर एआरसीची (उड्डाणयोग्यतेच्या आढावा प्रमाणपत्राची) तारीख आधी बघा. बंदच्या काळात ती संपली तर बाहेर काढायला विशेष उड्डाण परवानगी लागेल. आणि ३० दिवसांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन जतन करा: प्रिझर्व्हेटिव्ह तेल, सिलिंडरमध्ये फवारा, स्पार्क प्लगच्या जागी आर्द्रता शोषणारे प्लग, एग्झॉस्ट आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बंद. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालवणं हा उपाय नाही, तोटाच आहे. तेल ७५ अंशांच्या वर जात नाही, ज्वलनातलं पाणी तेलातच राहतं आणि कॅमशाफ्ट गंजतो. प्रोपेलर हाताने फिरवणंही टाळा, आतल्या भागांवर उरलेला तेलाचा पापुद्रा त्याने पुसला जातो.

धावपट्टी परत सुरू होईल त्या सकाळी पहिलं उड्डाण प्रशिक्षकानेच करावं, तेही पूर्ण लांबी पायी चालून बघितल्यावर. थांबलेल्या जागी पूर्ण शक्ती देऊन इंजिन तपासू नका. नव्या डांबरावरची बारीक खडी तिथेच उचलली जाते. रनअप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी) जुन्या, झाडलेल्या एप्रनवर घ्या.